चष्म्याचं घर

समोरचा माणूस भाषणाच्या सुरात बोलू लागला की बाई चष्मा काढायच्या. काचा पुसायला नव्हे, डोळे चोळायलाही नव्हे. नुसता काढायच्या, पत्र्याच्या घरात ठेवायच्या आणि झाकण दाबायच्या. टक्.

तुम्ही तो आवाज ऐकलेला नाही, म्हणून तुम्हाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. बाईंच्या चष्म्याच्या काचा फार जाड होत्या. तो काढला की समोर माणूस उभा आहे की खांब, हे त्यांना कळत नसे. म्हणजे बोलणाऱ्याचा त्यांनी खांब करून टाकलेला असे, आणि त्या टक्‌मुळे ते बोलणाऱ्यालाही समजत असे.

आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब हे गावातल्या जिनिंग फॅक्टरीचे मालक. सरकी आणि रुई त्यांना वेगळी करता येई. शब्द आणि मुद्दा नाही. पंधरा ऑगस्टला ते ‘आजची स्त्री’ या शब्दांपाशी पोचले की पहिल्या रांगेतून टक् व्हायचं आणि भाऊसाहेबांचं पुढचं वाक्य हरवायचं. एका वर्षी त्यांनी ‘आजची स्त्री’ गाळून ‘आजचा युवक’ घेतला. तरीही टक् झालंच.

मी बाईंबद्दल लिहिते आहे म्हणजे त्या मला आवडत होत्या, असं समजू नका. त्या कोणालाच आवडत नसत, आणि त्यासाठी त्यांनी कष्ट घेतलेले होते.

वऱ्हाडात, घाटाखालचं आमचं तालुक्याचं गाव. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. कॉलेज त्याहून लहान. कला आणि वाणिज्य अशा दोन शाखा, कौलारू इमारत, फाटकापाशी एक कडुनिंब. बाई भूगोल शिकवायच्या आणि नोकरीत प्राचार्यांच्या खालोखाल ज्येष्ठ होत्या. मूळच्या संग्रामपूरकडच्या. एम. ए. नागपूरला झालेल्या, तेव्हा वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलत; पण राग आला की ते मराठी वाळल्या सालीसारखं गळून पडे आणि आतून वऱ्हाडी निघे. त्यामुळे मला त्यांचं वऱ्हाडीच जास्त ऐकायला मिळालं.

मी इतिहास शिकवायला रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

“लग्न झालं?”

“हो.”

“मंग सोडून कधी जाता?”

मी म्हणाले, “जायला आलेले नाही.”

“सगळ्या तेच म्हणतात,” त्या म्हणाल्या, आणि नकाशांची गुंडाळी काखेत मारून निघून गेल्या. स्टाफवर बायका आम्ही दोघीच. त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. ‘इतिहासवाल्या’ हेच माझं नाव.

माझा तास दहा मिनिटं लवकर सुटला, तर व्हरांड्यात त्या उभ्याच असत. “तुमचा औरंगजेब आज लवकर मेला. पोट्टे बोंबलत फिरून राह्यले.” चपराशानं नकाशा उलटा टांगला, तर सगळ्या वर्गाला त्या मान वाकडी करून बसवत आणि मग त्याला बोलावून विचारत, “आता सांग, काश्मीर कोठी आहे?” मुलांशी असं वागत म्हणून मुलींशी मायेनं वागत असतील, असं वाटण्याचा संभव आहे. मुलींशी त्या दुप्पट वाईट वागत.

धामणगाव बढ्याच्या शिंप्याची मुलगी होती, नसीम. अंगानं लहान, आवाज त्याहून लहान. एकदा बाईंनी तिला उभं केलं. पूर्णा नदी कुठं उगम पावते? नसीमला येत होतं, पण सगळा वर्ग मागं वळून पाहत होता. ती रडायला लागली. बाई हातात काठी घेऊन शांत उभ्या.

“रडून घे. घाई नाही. पूर्णा तोवर वाहतेच.”

नसीम रडली. मग नाक पुसून तिनं सातपुड्याचं नाव घेतलं. “बस,” बाई म्हणाल्या. शाबासकी वगैरे काही नाही.

ही नसीम सकाळच्या एस.टी.नं यायची. तिचे तास दुपारचे. मधला वेळ ती आणि बाहेरगावच्या आणखी काही मुली कडुनिंबाखाली बसून काढायच्या. समोरच पानटपरी, म्हणजे तिथं काय ऐकायला मिळे ते सांगायला नको. आता, कॉलेजात ‘मुलींची खोली’ अशी पाटी असलेली एक खोली होती. आणि तिला कुलूप होतं. आत मांडवाचे बांबू, सतरंज्या, दोन फुटके कर्णे आणि भाऊसाहेबांच्या वडिलांचा प्लास्टरचा अर्धपुतळा होता. सभागृह बांधून झालं की पुतळ्याचं अनावरण व्हायचं होतं. तोवर वडील चादर पांघरून मुलींच्या खोलीत राहत होते.

बाई ते कुलूप रोज हलवून पाहायच्या. रोज. जाता-येता, काही न बोलता. मी एकदा म्हटलं, “तुम्हाला मुलींचा फार कळवळा आहे.”

“पोरींचा? पोरींचा काई नाई. मले त्या कुलपाचा राग आहे.”

त्या कुलपाची किल्ली प्राचार्यांच्या जुडग्यात होती, आणि जुडगा ज्याच्या हाती त्याच्या हाती चार्ज. आमच्याकडे प्राचार्य रजेवर गेले की नोकरीत सर्वांत जुना जो माणूस गावात हजर असेल, त्याला बडेबाबू तो जुडगा देत आणि रजा संपेपर्यंत तो प्रभारी प्राचार्य. नियम साधा होता. त्यावर संस्थेनं एक बारीकशी अट जोडली होती: पुढं कोणाला प्राचार्य व्हायचं असेल तर त्यानं एकदा तरी प्रभारी म्हणून काम केलेलं असावं.

आणि आमच्या प्राचार्यांची एक रीत होती. ते भित्रे, सज्जन आणि रक्तदाबाचे रोगी होते. दर वर्षी ते जालन्याला मुलीकडे रजेवर जात. नेमक्या त्याच दिवसांत विद्यापीठाचं एक शिबिर असे: महिला प्राध्यापकांसाठी नेतृत्व विकास शिबिर. आधी रजा ठरे की आधी शिबिर, हे मला इतिहास शिकवूनही शोधता आलं नाही. भाऊसाहेब म्हणत, “बाईंना पाठवा. बाईंचा विकास झाला पाहिजे.” बाई नेतृत्व शिकायला बाहेरगावी, म्हणून चार्ज वाणिज्यवाल्या सरांकडे. वाणिज्यवाले सर भाऊसाहेबांच्या नात्यात होते, हे वेगळं सांगायला नको. सरांच्या चालण्यातच ते दिसत असे.

अशा रीतीनं, काही वर्षांत, बाईंकडे नेतृत्वाची प्रमाणपत्रं जमली आणि सरांकडे नेतृत्व.

बाईमाणसानं एकटीनं प्रवास करू नये, म्हणून सोबत मला पाठवत. त्यामुळे ही शिबिरं मी जवळून पाहिली आहेत. तुम्ही पाहिली नसतील तर तुमचं काय हुकलं, ते थोडक्यात सांगते.

दारात हळदीकुंकू लावतात. मग समई पेटवायला एक पुरुष येतो. तो वऱ्हाडात नवा असेल तर जिजाऊंचं नाव घेऊन, ‘सिंदखेडराजाच्या या भूमीत’ असं म्हणून सुरुवात करतो, आणि जुना असेल तरी तशीच करतो. मग तो सांगतो की जिच्या हाती पाळण्याची दोरी… पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो गेल्यावर ‘घर आणि महाविद्यालय यांचा समतोल’ यावर व्याख्यान. दुपारी पुष्परचना. एका शिबिरात तर खरोखर सकाळभर आम्ही निशिगंध आणि शेवंती यांचं नेतृत्व केलं.

शिबिराच्या संचालिकाबाई सगळ्या वर्षांत त्याच होत्या. कडक कांजीची साडी, रेशमी किनार, आवाजात मध, आणि कोणी वऱ्हाडी बोललं की ओठांच्या कोपऱ्यात एक समजूतदार हसू. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: “स्त्रीचं नेतृत्व सुगंधासारखं असावं. असावं, पण दिसू नये.”

टक्.

संचालिकाबाई थांबल्या. “आपल्याला काही म्हणायचंय?”

बाई उभ्या राहिल्या. चष्मा नसल्यामुळे त्या संचालिकाबाईंच्या जरा डावीकडे पाहत होत्या. सुरुवात त्यांनी पुस्तकी मराठीतच केली. “महाविद्यालयात प्रभार कधी मिळतो, त्यासाठी काय करावं लागतं, हे या शिबिरात कोणत्या तासाला सांगणार आहात?”

“अधिकार मागून मिळत नसतात हो,” संचालिकाबाई म्हणाल्या. “ते व्यक्तिमत्त्वातून उमलत येतात. सुगंधासारखे.”

“सुगंधाले किल्ल्या नाई देत कोणी,” बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सभागृहात कोणीतरी हसलं. संचालिकाबाईही हसल्या, पण ओठांच्या त्याच कोपऱ्यातून. “नेत्याला आधी ऐकता आलं पाहिजे, बाई.”

“ऐकूनच राह्यलो न आम्ही. आजवर दुसरं केलं काय?”

त्या संध्याकाळी मनोरंजन म्हणून संगीत खुर्ची होती. चाळिशी उलटलेल्या प्राध्यापिका पदर खोचून गाण्यावर खुर्च्यांभोवती पळत होत्या. गाणं थांबलं, बाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. गाणं पुन्हा लागलं, सगळ्या उठल्या. बाई बसूनच.

“अहो, उठा ना!”

“काऊन?”

“गाणं लागलं की उठायचं असतं.”

“मले खुर्ची भेटली का नाई?”

“भेटली. पण खेळच तसा आहे.”

“मंग खेळात खोट आहे,” बाई म्हणाल्या. “खुर्ची भेटल्यावर उठाचं काऊन, ते सांगा आधी.”

बाकीच्या त्यांना मध्ये ठेवून पळत राहिल्या. शेवटी बुलढाण्याकडच्या एका हसऱ्या प्राध्यापिकेला बक्षीस म्हणून साबणदाणी देण्यात आली, आणि बाई त्याच खुर्चीवर बसून डबीतली सुपारी खात होत्या. यात प्रतीक वगैरे शोधू नका. शिबिरांत प्रतीकांचा सुकाळ असतो. बाईंचे फक्त गुडघे दुखत होते. निदान मला त्यांनी तसंच सांगितलं.

पुढं प्राचार्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं, आणि त्याच वर्षी भाऊसाहेबांचं सभागृह बांधून झालं. वडिलांचं नाव, वडिलांचा पुतळा, आणि उद्‌घाटनाला कुलगुरू हवेत. पण कुलगुरू काही नुसत्या पुतळ्यासाठी घाटाखाली येत नाहीत. कोणीतरी सुचवलं, की विद्यापीठाचं एखादं शिबिर इथं बोलवा म्हणजे ते येतील. भाऊसाहेबांनी विद्यापीठाला लिहून टाकलं: यंदाचं महिला नेतृत्व शिबिर आमच्याच महाविद्यालयात घ्या.

इथवर ठीक होतं. यापुढची चूक आमच्याच कॉलेजात होऊ शकते. शिबिराच्या तारखा कळल्याबरोबर, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, प्राचार्यांनी त्याच तारखांना जालन्याची रजा मागितली. भाऊसाहेबांनी त्याच सवयीनं ती मंजूर केली. शिबिर म्हणजे रजा. हे शिबिर आपल्याच अंगणात आहे आणि बाई या वेळी कुठंच जाणार नाहीत, हे प्राचार्य, भाऊसाहेब आणि वाणिज्यवाले सर अशा तीन सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. चौथ्या माणसाच्या लक्षात आलं होतं. ती भूगोल शिकवत असे, आणि ती गप्प बसली.

शिबिराच्या पहिल्या दिवशी सकाळी मी ऑफिसात बिल्ले आणायला गेले, तेव्हा बाई बडेबाबूंच्या टेबलासमोर उभ्या होत्या. वाणिज्यवाले सर आत आले, तेच हात पुढं करत.

“बडेबाबू, जुडगा द्या.”

“सर,” बाई म्हणाल्या, “तुम्ही कोणत्या हिशेबानं?”

“म्हणजे? नेहमीप्रमाणे. तुम्ही शिबिरार्थी आहात न, बाई?”

“हाव. शिबिर कोठी आहे?”

“इथंच… सभागृहात.”

“मंग मी बाहेरगावी कशी? मी तं अठीच उभी आहो तुमच्यापुढं.”

सरांनी बडेबाबूंकडे पाहिलं. बडेबाबू कपाळ पुसत म्हणाले, “रूल तो… तसाच आहे, सर. गावात हजर असन त्याले.” बडेबाबूंना भाऊसाहेबांची भीती वाटत असे, पण भाऊसाहेब त्या घटकेला विश्रामगृहावर कुलगुरूंसोबत नाश्ता करत होते, आणि बाई टेबलापलीकडे हातभर अंतरावर होत्या. त्यांनी जुडगा पुढं सरकवला.

सर म्हणाले, “भाऊसाहेबांना हे आवडणार नाही.”

“मले तरी कोठी आवडून राह्यलं?” बाई म्हणाल्या. “आणि सर, दारात हळदीकुंकवाले कोणी नाई. तुम्ही मोकळे आहा, तं पाहा जरा.”

जुडगा घेऊन त्या प्राचार्यांच्या खोलीत गेल्या नाहीत. थेट मुलींच्या खोलीपाशी गेल्या. कुलूप उघडायला वेळ लागला. आतून गंजलं होतं. मग कडुनिंबाकडे तोंड करून त्यांनी नकाशाची काठी हलवली, आणि पोरी धावत आल्या. बांबू निघाले, कर्णे निघाले, सतरंज्या धुळीसकट निघाल्या. सर्वांत शेवटी भाऊसाहेबांचे वडील निघाले. नसीमनं आणि तिच्या मैत्रिणींनी त्यांना बगलेत धरून बाहेर आणलं, चादर वाटेत कुठंतरी खिळ्याला अडकून राहिली, आणि जागा नव्हती म्हणून त्यांना व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभं करण्यात आलं.

तेवढ्यात मोटार आली.

कुलगुरू उतरले. समोर व्हरांड्यात पाठमोरा, उघडा, प्लास्टरचा माणूस. ते सहज म्हणाले, “हे कोण?”

“वडील,” भाऊसाहेब म्हणाले.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भाषणं ऐकली. भाऊसाहेबांचं एवढं छोटं आणि मुद्द्याचं दुसरं आठवत नाही.

व्यासपीठावर प्राचार्यांची म्हणून एक खुर्ची होती. पाठीला टॉवेल टाकलेली. बाई तिच्यावर बसल्या होत्या. भाऊसाहेब शेजारी वाकले. मी खाली पहिल्या रांगेत होते, आणि भाऊसाहेबांचं कुजबुजणं म्हणजे फॅक्टरीतल्या माणसाचं कुजबुजणं.

“बाई, खाली जा. वडिलांचं काय करायचं ते मी नंतर पाहतो.”

“प्राचार्य खाली बसत असतात का?”

“तुम्ही प्राचार्य नाही.”

“परवाच्या संध्याकाळपर्यंत आहो,” बाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी सगळं बाईंच्या बाजूनं फिरू शकत होतं. कारण संचालिकाबाई बोलायला उठल्या आणि त्यांनी वारा ओळखला. कुलगुरूंना पुतळ्याचं प्रकरण गमतीचं वाटलं होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, “आज आपण एक सुंदर दृश्य पाहत आहोत. आमच्या शिबिरात घडलेली एक भगिनी आज प्राचार्यांच्या आसनावर विराजमान आहे. हेच आमच्या कार्याचं फळ. एक कळी होती, आम्ही तिला हळुवार…”

पुढच्या महिन्यात प्राचार्यपदाची मुलाखत होती. निवड समितीवर विद्यापीठातर्फे संचालिकाबाई बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंना तर सगळ्यांच्या आधी. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. कळी तर कळी. मी खालून त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होते. त्यांचा हात वर गेला, तेव्हा मी ‘नको’ म्हणून मान हलवलीसुद्धा.

त्यांनी चष्मा काढला. घरात ठेवला. टक्.

माइक त्यांच्यासमोरच होता. कर्ण्यांतून तो आवाज सभागृहभर गेला आणि बाहेर कडुनिंबापर्यंत पोचला. संचालिकाबाईंचं हसू पहिल्यांदाच ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून गेलं.

ते तीन दिवस बाईंनी गाजवले असं म्हणायला मला आवडलं असतं. त्यांनी ते भांडून काढले. उशिरा येणाऱ्या प्राध्यापकांना त्यांनी फाटकापाशी गाठलं, मला शिबिर सोडून तासावर पाठवलं, आणि मुलींच्या खोलीत मुली मोठ्यानं हसल्या म्हणून त्यांनाही झापलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्राचार्य जालन्याहून धापा टाकत आले. बाईंनी जुडगा परत केला. बडेबाबूंनी किल्ली न् किल्ली तपासली. सगळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कळलं, की मुलींच्या खोलीची किल्ली आहे आणि कुलूप नाही.

“मॅडम, कुलूप?” बडेबाबू रडवेले होऊन विचारायला आले.

“चार्ज घेताना तुम्ही मले किल्ल्या देल्ल्या. कुलूप देल्लं होतं?”

“नाही, पण…”

“मंग वापस काय मागता?”

नवं कुलूप आणायचं, तर जुनं कुठं गेलं हे लिहून कळवावं लागतं. आणि अध्यक्षांच्या वडिलांना ठेवलेल्या खोलीचं कुलूप प्रभारी प्राचार्यांच्या ताब्यात असताना गेलं, हे लिहायला ना प्राचार्य तयार होते, ना बडेबाबू. माझ्या माहितीत तरी ती खोली नंतर कधी बंद झाली नाही. एका जुन्या चोरीवर आमच्या मुलींचा सगळा आराम चालला होता.

मुलाखत ठरल्याप्रमाणे झाली. आता प्रभाराचा अनुभव बाईंकडेही होता, त्यामुळे बोलवावं तर लागलंच. आत काय झालं, ते बाईंनी मला स्टाफरूममध्ये नकाशे गुंडाळता गुंडाळता सांगितलं.

“त्या रेशमी बाईनं इचारलं, नेतृत्व म्हणजे काय.”

“मग?”

“मी म्हटलं, किल्ल्या कोणाजवळ आहे ते.”

“आणि?”

“आणि काय. लिहून घेतलं त्याईनं.”

निवड वाणिज्यवाल्या सरांची झाली. ते अपेक्षितच होतं. पण समितीनं बाईंबद्दलही दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या नव्या प्राचार्यांनी सगळ्या स्टाफसमोर वाचून दाखवल्या: उमेदवारात नेतृत्वगुण आहेत, तथापि नम्रतेच्या दृष्टीनं त्यांना पुढील नेतृत्व शिबिरास पाठवावं.

स्टाफरूममध्ये कोणी हसलं नाही. बाईंनी चष्मासुद्धा काढला नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या काचांमागून प्रत्येकाचा चेहरा नीट बघत होत्या, एकेकाचा, नकाशावरची गावं पाहावीत तशा. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला.

मी चिडले होते. मी म्हटलं, “एवढं एक टक् गिळलं असतं, तर आज तुम्ही त्या खुर्चीत असता.”

“असती न,” त्या म्हणाल्या. “आणि कळीवर भाषण केलं असतं. मंग ते तुम्हाले ऐकावं लागलं असतं.”

कपाट रिकामं करून झालं होतं. त्यांनी पिशवीतून चष्म्याचं पत्र्याचं घर काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. रिकामं होतं.

“नव्या चष्म्यासोबत रेक्झिनची पिशवी भेटली. तिचा आवाज नाई येत. हे ठेवा.”

“मला चष्मा नाही, बाई.”

“लागन कधी तरी. तोवर आवाज तं आहे.”

माझ्या नावानं हाक मारण्याची ती शेवटची संधी होती. त्यांनी ती घेतली नाही. “बरं, इतिहासवाल्या,” म्हणाल्या, आणि संग्रामपूरच्या गाडीला निघून गेल्या. एवढं सामान, पण स्टँडवर सोबत येऊ दिलं नाही. नसीम मात्र दिसली मला, मागून नकाशांची गुंडाळी घेऊन चाललेली, आणि बाई तिला काहीतरी रागावत होत्या.

निरोप समारंभाला त्या आल्या नाहीत. तरी समारंभ झाला. भाऊसाहेबांनी भाषण लिहून आणलं होतं. शाल-श्रीफळ रिकाम्या खुर्चीला अर्पण करण्यात आलं, आणि बाईंच्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल वाणिज्यवाले सर, म्हणजे आता प्राचार्य, चांगलं लांबलचक बोलले. शाल अजून ऑफिसच्या कपाटात असेल.

पुढच्या वर्षी शिबिराचं पत्र आलं. भाऊसाहेब म्हणाले, “मॅडमना पाठवा. त्यांचा विकास झाला पाहिजे.” मी एकटीच गेले. सोबत द्यायला दुसरी बाई नव्हती, आणि एकटीनं प्रवास करू नये हा नियम त्या वर्षी कोणाला आठवला नाही.

दारात हळदीकुंकू लावलं. समई एका पुरुषानं पेटवली. संचालिकाबाईंची किनार नवी होती, मध तोच. मी मागच्या रांगेत, भिंतीकडेला बसले. पुढं डावीकडे, जिथं आम्ही दोघी दर वर्षी बसायचो, तिथं या वेळी कोणी बसलं नव्हतं. गर्दी असूनही का बसलं नव्हतं, मला माहीत नाही.

“स्त्रीचं नेतृत्व,” संचालिकाबाई म्हणाल्या, “सुगंधासारखं असावं. असावं, पण…”

माझा हात पर्समध्ये होता. मी झाकण दाबलं.

संचालिकाबाई थांबल्या. पुढचा शब्द त्यांना सापडेना. सगळं सभागृह मागं वळून माझा शोध घेत होतं. त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पाहत होत्या पुढं, डावीकडे, त्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि त्यांचा एक हात आपसूक वर जाऊन पदर सारखा करत होता.